किनाऱ्यावरचं घर 'हॉलिडे कॉटेज' म्हणून देताना



गेल्या महिन्यात आपले एक सभासद संध्याकाळचे सोसायटीच्या ऑफिसात आले. रापणीवरून थेट आले होते, पायाची वाळू झाडलेली नव्हती. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सेक्रेटरी, हें मात्शें वाचून सांग. झील म्हणता सही कर, बायल म्हणता करू नको."

कागद इंग्रजीत होता, आठ पानांचा. त्यांचं घर मांद्रे ते हरमल पट्ट्यातलं. नेमका वाडा सांगत नाही. तीन खोल्या, पुढं पडवी, अंगणात जाळ्यांचा मांगर, पलीकडं माड, मग वाळूची टेकडी आणि दर्या. बाहेरगावचा एक माणूस हे घर दहा वर्षांच्या लीजवर घेणार, रंगरंगोटी करणार आणि 'फॅमिली हॉलिडे कॉटेज' म्हणून आठवड्याच्या हिशेबानं भाड्यानं देणार. दोन वर्षांचे पैसे आगाऊ. रक्कम बघून आम्हीही जरा गप्प झालो. खोटं कशाला बोला?

पण कागद पुढं वाचत गेलो तसं एकेक बाहेर यायला लागलं. मालकाच्या कुटुंबानं दुसरीकडं राहायचं. अंगण आणि समोरची मोकळी जागा फक्त पाहुण्यांची. मांगर काढायचा. जागेत होडी, जाळी, इंजिन ठेवायचं नाही. मासळी सुकवायची नाही. आणि सातव्या पानावर अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं: सरकारी परवानग्या, नोटिसा, दंड, सगळी जबाबदारी मालकाची.

म्हणजे पैसे त्यांचे, पाहुणे त्यांचे, आणि नोटीस आली की ती आपल्या दारावर. पाहुण्यांना मासळी ताजी पाहिजे, पण मासळीचा वास नको, असं आमच्या ऑफिसात कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. सभासद मात्र हसले नाहीत. त्यांचं बोट 'मांगर' या शब्दावरच होतं.

त्या संध्याकाळी आम्ही जे बोललो ते सगळ्या सभासदांना सांगावं असं वाटलं, म्हणून हा लेख. कारण असला कागद आज एका घरात आलाय, उद्या तुमच्याकडं येईल. मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ ला प्रवाशांसाठी सुरू झाला आणि तेव्हापासून पेडण्याच्या किनाऱ्यावर घर आणि जागा विचारत फिरणारी माणसं किती वाढली ते तुम्ही बघताच आहात. पूर्वी दाबोळीला उतरून इकडं यायचं म्हणजे अख्खा गोवा ओलांडायचा. आता उतरल्यावर पाहुणा दुपारच्या जेवणाला मोरजीत असतो.

खोली भाड्यानं देणं आपल्याला नवीन नाही. सत्तरच्या दशकात कळंगुट, हणजुणे भरून गेलं तसे गोरे लोक शापोरा न्हंय ओलांडून हरमलाकडं यायला लागले. तेव्हा शिवोलीचा पूल नव्हता, फेरीबोट होती. हरमलच्या दर्यावर मच्छीमारांची घरं, पलीकडं गोडं तळं, आणि हॉटेल एकसुद्धा नाही. मग लोक घरातच विचारायचे. आपल्या आज्यांनी पुढची खोली झाडून, शेण सारवून दिली आणि सीझनभर घरची माणसं पडवीत निजली. आंघोळीला विहीर, झोपायला चटई, जेवायला जे घरात शिजेल ते. तारल्यांचं हुमण, शीत, सोलकढी. काही गोरे तेच खाऊन मे महिन्यापर्यंत राहायचे. भाषा कोणाची कोणाला कळत नव्हती, तरी पुढच्या वर्षी तोच माणूस त्याच घरात परत यायचा. त्या पैशांतून काहींनी होडी घेतली, काहींनी पोरीचं लग्न केलं.

पुढं संडास-बाथरूम आलं, कौलांवर स्लॅब आला, खोलीला नंबर पडला. मोरजीत रशियन पाहुणे आले, दुकानांवर त्यांच्या भाषेतल्या पाट्या आल्या. पण घर आपलं राहिलं. चावी आपल्या पदराला होती.

हे फक्त आपल्याकडंच असं नाही. पोर्तुगालात नाझारे म्हणून मच्छीमारांचं गाव आहे. तिथल्या बायका रस्त्याच्या कडेला हातात पाटी धरून बसतात, 'खोली भाड्यानं मिळेल'. पलीकडं सिंधुदुर्गात तारकर्ली, देवबागला आपले गाबीत भाऊबंद तेच करतात. महाराष्ट्रात 'निवास व न्याहारी' योजना आहे, घरातल्या दोन-चार खोल्या, घरचं जेवण, पुढं होडी. तेरेखोलची खाडी ओलांडून एकदा बघून या. पाहुणा सकाळी उठतो तेव्हा घरमालक जाळं सोडवत बसलेला असतो आणि त्याचीच त्याला मजा वाटते.

आपल्यातही अशी घरं आहेत. एका सभासदाचं सांगतो. मागच्या बाजूला ते स्वतः राहतात, पुढच्या दोन खोल्या नोव्हेंबर ते मे देतात. स्वयंपाक वहिनी करतात, पाहुण्यांसाठी वेगळं काही नाही, तिखट थोडं कमी. पुण्याचं एक कुटुंब तिथं दरवर्षी नाताळच्या सुट्टीत येतं. आधी नवराबायको यायची, मग मुलं झाली, आता आजीपण येते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, यांत्रिक होड्या किनाऱ्याला बांधलेल्या, खर्च मात्र चालू. तेव्हा इंजिनचं काम, नवी जाळी, पोरांच्या शाळेची फी हे सगळं सीझनच्या भाड्यातून निघतं. कर्जाला ते आमच्याकडं येत नाहीत. सोसायटीचा धंदा त्यामुळं थोडा कमी होतो, पण ते चालेल.

आता दुसरी बाजू. घर पूर्णपणे परक्याच्या हातात गेलं की पहिल्यांदा जाते ती वाट. आपल्या वाड्यांवरून दर्याकडं जाणाऱ्या वाटा बहुतेक कोणाच्या ना कोणाच्या भाटातून जातात. कागदावर नसतात, पायांनी पडलेल्या असतात. नवा माणूस आला की आधी कंपाउंड घालतो, मग गेट, मग वॉचमन. होडी खांद्यावर घेऊन वळसा घालायचा तरी किती? एका वाड्यावर तर मासळीची पाटी घेऊन जाणाऱ्या म्हातारीला वॉचमननं विचारलं, "कुठं चाललात?" ती म्हणाली, "माझ्या दर्यार." तो नवीन होता, त्याला कळलंच नाही. अशी वाट अडवली तर गप्प बसू नका. गोव्यात १९६६ चा मामलतदार कोर्ट कायदा आहे, त्याखाली मामलतदाराकडं अर्ज करता येतो. पण उशीर लावायचा नाही, अडवल्याबरोबर यायचं. वर्ष गेलं की सगळ्यांना गेट जुनंच वाटायला लागतं.

वाटेनंतर जाते रापण. रापणीला लांब मोकळी वाळू लागते, दोन्ही बाजूंना दोर ओढणारी माणसं उभी राहायला जागा लागते. मध्ये दहा सनबेड आणि एक छत्री आली तरी जाळं अडतं. आता जरा मागचं आठवा. सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याला येऊन रापणकारांची मासळी ओरबाडत होते, तेव्हा माथानी साल्ढाणा आणि रापणकारांचा एकवट रस्त्यावर उतरला. त्यातून १९८० चा सागरी मासेमारी कायदा आला आणि किनाऱ्यापासून ५ किलोमीटर पाणी आपल्यासाठी राखलं गेलं. ते नीट पाळलं जातं का हा वेगळा विषय, त्यावर आम्ही इथं पुष्कळ लिहिलंय. पण पाण्यातल्या ५ किलोमीटरसाठी एवढं भांडलो, आणि ते जाळं जिथं ओढायचं ती ५० मीटर वाळू आपण स्वतःच सही करून देऊन टाकतो.

याचा शेवट कुठं होतो ते बघायचं तर इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला सेंट आईव्ह्ज नावाचं बंदर आहे. तिथं पूर्वी पिल्चर्ड नावाची मासळी पकडायचे, आपल्या तारल्यांची बहीणच. पद्धतही रापणीसारखी. उंचावर एक माणूस उभा असायचा, पाण्यात थवा दिसला की ओरडून सांगायचा आणि होड्या जाळं घेऊन सुटायच्या. मासळी गेली, मग रेल्वेनं पाहुणे आले. मच्छीमारांची दगडी घरं एकेक करून सुट्टीची कॉटेज झाली. घरांच्या किमती एवढ्या चढल्या की गावातल्या पोरांना गावात घर घेणं जमेना, आणि हिवाळ्यात गल्ल्याच्या गल्ल्या अंधारात. शेवटी मे २०१६ मध्ये गावानं मतदान घेतलं. ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी ठरवलं की नवं घर बांधलं तर ते कायम राहणाऱ्यालाच मिळेल, सुट्टीपुरतं येणाऱ्याला नाही. पण तो नियम नव्या घरांना. बंदराजवळची जुनी घरं तेव्हा हातची गेलेली होती.

आपल्याकडं काही वाड्यांवर पावसात फिरून बघा. जून-जुलैत संध्याकाळी किती घरात दिवा असतो ते मोजा. आणि चवथीला ज्या घरात मुंबईची माणसं येऊन माटोळी बांधायची, त्यातली किती उघडतात तेही बघा.

आता कागदाकडं येऊ. त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त वेळ यातच गेला.

किनाऱ्यावरच्या घराचं सगळं एका तारखेवर अडतं: १९ फेब्रुवारी १९९१. पहिली सीआरझेड अधिसूचना त्या दिवशीची. घर त्याआधीचं आहे हे दाखवता आलं तर आपण जमिनीवर उभे, नाही तर वाळूवर. दाखवायचं कशानं? पंचायतीच्या जुन्या घरपट्टीच्या पावत्या, विजेची जुनी बिलं, सर्व्हेचा नकाशा ज्यात घर दाखवलेलं आहे, एक-चौदाचा उतारा. आजोबांनी ट्रंकेत ठेवलेल्या पिवळ्या पावत्या फेकू नका. वाळवी लागायच्या आत बाहेर काढा. ते घर दुरुस्त करायचं किंवा पुन्हा उभारायचं तर परवानगी घेऊन, आहे त्याच जोत्यावर. एक खोली मागं, एक माडी वर, असं वाढवत गेलात की मूळ घरही अडचणीत येतं.

६ जानेवारी २०११ च्या अधिसूचनेत आपल्यासारख्या गावांत भरतीरेषेपासून २०० मीटर बांधकामबंदीचा पट्टा आहे, पण १०० ते २०० मीटरमध्ये मच्छीमार आणि इतर पारंपरिक किनारी समाजाला राहण्याच्या घरासाठी वाट ठेवलेली आहे. शब्द नीट वाचा, राहण्याच्या घरासाठी. ती सवलत भिंतींना नाही, तिथं राहणाऱ्या मच्छीमार कुटुंबाला आहे. कुटुंब बाहेर आणि कॉटेज आत, असं झाल्यावर ती सवलत मागायला आपण कुठल्या तोंडानं जाणार? १८ जानेवारी २०१९ च्या नव्या अधिसूचनेत तर स्थानिकांनी, मच्छीमारांनीही, घराचं जोतं, आराखडा, दर्शनी भाग न बदलता 'होम स्टे' चालवावा असं म्हटलं आहे. ती अधिसूचना लागू व्हायला तिच्याप्रमाणं किनारी आराखडा मंजूर व्हावा लागतो, त्यामुळं आजच तिच्या भरवशावर काही करू नका. पण सरकारला कुठला प्रकार चालतो ते त्यातून कळतं. मच्छीमार घरात आणि पाहुणा त्याच्याकडं.

मोरजी आणि मांद्रेच्या सभासदांनी आणखी एक लक्षात ठेवावं. २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे, त्यात मांद्रे, मोरजी, गालजीबाग, आगोंद हे किनारे कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा म्हणून नावानं आहेत. थंडीच्या दिवसांत तेंबवाड्यावर वनखात्याचं कुंपण आपण दरवर्षी बघतो. पिल्लं अंड्यातून बाहेर आली की उजेडाकडं जातात. दर्याकडं तोंड करून कोणी मोठा एलईडी लावला की ती पाण्याऐवजी पडवीत येतात. लीजवर घेतलेल्या कॉटेजवाल्यानं तो दिवा लावला तरी घर कोणाच्या नावावर आहे, तेच आधी विचारणार.

आता घराचा मालक नक्की कोण? आपल्यात पुष्कळ घरं भाटकाराच्या जमिनीत आहेत, आपण मुंडकार. १९७५ च्या मुंडकार कायद्यानं हुसकावण्यापासून संरक्षण आहे आणि घर विकत घ्यायचा हक्कही आहे, पण त्यासाठी मामलतदाराकडं प्रकरण करावं लागतं. कितीतरी जणांचं नाव मुंडकार म्हणून लागलंय आणि पुढचं काम तसंच पडून आहे. ते पुरं होईपर्यंत दहा वर्षांच्या कागदावर सही म्हणजे भाटकाराच्या हातात आयता मुद्दा देणं.

घर स्वतःच्या नावावर असलं तरी एकट्याचं नसतं. आपल्या कायद्यात नवरा-बायको दोघांचा अर्धा-अर्धा हिस्सा, आणि मुलीला मुलाएवढाच. मुंबईत दिलेली बहीण, तिचा नवरा, वारलेल्या भावाची मुलं, सगळ्यांचा हात त्या घराला लागलेला असतो. इन्व्हेंटरी झालेली नसेल तर 'थोरला मीच' म्हणून सही करता येत नाही. आमच्या सभासदाच्या बाबतीत बायको 'करू नको' म्हणत होती आणि कायद्यानं तिचं 'नको' पुरेसं होतं. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

एक वर्षाहून जास्त मुदतीचं लीज रजिस्टर करावं लागतं. म्हणून काही जण अकरा-अकरा महिन्यांचे कागद करून घेतात आणि तोंडी 'दहा वर्षं तुमचं' असं बोलून टाकतात. तोंडी काही बोलू नका.

स्वतः खोल्या देणाऱ्यांनीही कागद नीट ठेवावेत. पाहुण्यांना खोली द्यायची तर १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंद हवी. दोन खोल्या असल्या तरी. परदेशी पाहुणा आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची, पासपोर्ट आणि व्हिसा बघून. "तो गेल्या वर्षी पण आला होता" हे कारण चालत नाही. पोरांना सांगा, मोबाईलवर त्यांना दहा मिनिटांचं काम आहे. शोषखड्डा विहिरीपासून लांब ठेवा, पाहुणे वाढले की पाणी वाढतं आणि सगळं त्याच वाळूत मुरतं. मग तीच विहीर आपण पितो.

आता त्या सभासदाचं काय झालं ते. कागदावर आम्ही पेन्सिलीनं चार खुणा केल्या. मुदत एक सीझन. मागची खोली कुटुंबाकडं. मांगर, होडी आणि दर्याची वाट आहे तशी राहील. दिवा दर्याकडं लावायचा नाही. तो कागद ते त्या माणसाला देऊन आले. "पार्टीशी बोलतो," म्हणाला. अजून बोलतोय वाटतं, परत आलेला नाही.

झील आठवडाभर रागात होता. त्याचंही चुकलं असं नाही, त्याच्या डोक्यावर इंजिनचं कर्ज आहे आणि दोन वर्षांचे पैसे एकदम दिसले होते. मग एका रविवारी त्यानंच पुढच्या दोन खोल्यांना चुना काढला, जुन्या खाटा उन्हात टाकल्या. फोटो काढून ओळखीच्यांना पाठवले. पर्यटन खात्याच्या नोंदणीचा अर्ज आमच्या ऑफिसातच बसून भरला. बेळगावच्या एका कुटुंबानं नाताळात खोली मिळेल का विचारलंय. त्यांनी एसीचं विचारलं, तो नाही असं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, मुलांना रापण ओढायला देतील का?

सभासदांनी घरपट्टीच्या जुन्या पावत्या, एक-चौदा आणि मुंडकारीचे कागद घेऊन संध्याकाळी पाच ते सात या वेळेत ऑफिसात यावं. आम्ही प्रती काढून प्रत्येकाची वेगळी फाईल करून ठेवतोय. झेरॉक्स मशीन दुरुस्त झालंय. ज्यांना कोणी लीजचा कागद दिला असेल त्यांनी तो सही करण्याआधी आणावा, आणि येताना घरकान्नीलाही घेऊन यावं.

सेक्रेटरी आणि संचालक मंडळ